समासातला टोमणा

९ मार्च

जावईबापूंना दोन हात लांबूनच साष्टांग नमस्कार,

आपल्याविरुद्ध एक गंभीर तक्रार दाखल करायची आहे. आपले गेले पत्र आमच्या हाती आले ते सचैल स्नान करून. सरहद्दीच्या पुलावरच्या टपालखोलीत हल्ली साथीमुळे इकडून तिकडे जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर जंतुनाशकाचा फवारा मारतात, हे आपणांस ठाऊक आहे. तरीही आपण शाईपेनात हिरवी शाई भरून लिहिता. परिणामी चारपैकी दोन पानांवर शेवाळ उगवले असून, एका वाक्याचा कर्ता ठकी आहे एवढेच मला लागले. क्रियापद वाहून गेले. माझी सख्खी धाकटी बहीण पलीकडच्या काठावर नेमके काय करते आहे, हे मी भिंग लावूनही सांगू शकत नाही.

सर्वांत मोठी हानी समासात झाली. लग्न होऊन तुमच्या घरी गेल्यापासून तिने मला स्वतंत्र पत्र म्हणून लिहिलेले नाही. तुमचे पत्र लिहून झाले की ती ते ओढून घेते आणि समासात एक उभी ओळ खरडते, आणि ती ओळ अखंडपणे माझ्या अपमानाला वाहिलेली असते. 'दादाला म्हणावं, व्याकरणाशी लग्न लावलंस, आता पोरं कसली होणार.' 'दादाला म्हणावं, पोट आत घे, पत्रातसुद्धा दिसतं.' या वेळी त्या जागी नुसता हिरवा ओघळ. माझा काय अपमान झाला हेच मला कळू नये, हा त्याहून मोठा अपमान आहे. कृपा करून बॉलपेन घ्या.

बाकी विनोद बाजूला ठेवतो. आमच्या करार-कार्यालयातल्या नोकरांना आणि त्यांच्या घरच्यांना पलीकडे फोन करायला आता पूर्ण बंदी आहे. पत्राला परवानगी आहे, कारण पत्र मधे उघडून वाचता येते. (वाचकमहाशय, नमस्कार. हस्ताक्षर लागत नसेल तर क्षमा असावी.) म्हणजे गंमत बघा, माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून नदीपलीकडे तुमच्या इस्पितळाची ऑक्सिजनची पांढरी टाकी मला रोज दिसते, डोळे मिटून उघडेपर्यंत दृष्टी तिथे पोचते आणि पत्राला आठवडा लागतो.

आता खरी बातमी. आईला हा साथीचा आजार झाला होता. दोन आठवडे अंथरुणाला होती, काल उठून तिने स्वयंपाकघरात माझ्या नावाने शंख केला, म्हणजे ती बरी झाली. म्हणून आज कळवतो. घरचा नियम तुम्हाला माहीत आहेच. बाबा सांगून गेले आहेत : आजार बरा झाल्यावरच कळवायचा. लांबच्या माणसाला नुसता घोर लावून काय साधते? तेव्हा ठकीला सांगा, रडायची गरज नाही, रडण्यासारखे होते ते उरकले.

दोन मित्रराष्ट्रांत मात्र सध्या बरे नाही. तुमच्या सरकारने आमच्याकडे यायच्या इंजेक्शनच्या कुप्या अडवल्या, 'आधी आमची माणसं' म्हणून. इकडे आता तुम्हाला जायच्या ऑक्सिजनच्या टँकरकडे बोट दाखवून तेच वाक्य म्हणतात. मैत्रीच्या कराराचा मसुदा माझ्या हातचा आहे. त्यात 'बंधुभाव' हा शब्द मी अकरा ठिकाणी घातला होता. आता वाटते, एकदाच घातला असता आणि जपून वापरला असता तर बरे झाले असते.

तुमचा,
मेहुणा


२१ मार्च

शास्त्रीबुवा,

बॉलपेनने लिहितोय. अक्षर माझं नाहीच वाटत, पण तुमचा हुकूम.

आईंची बातमी वाचून ठकी आधी रडली, मग तुमच्यावर चिडली, मग 'नियम म्हणजे नियम' म्हणाली. ती मजेत आहे. शाळा बंद असल्यामुळे मुख्याध्यापिकाबाईंना ओरडायला कोणी नाही, ती सगळी कसर माझ्यावर निघते. घरात एका रेषेत चपला लावाव्या लागतात मला.

माझं काम तेच. इस्पितळाच्या तळमजल्यावरची ऑक्सिजनची खोली, त्यातले दाबाचे काटे, नळ्या आणि मी. तुम्ही खिडकीतून टाकी बघता म्हणे. बघा, बघा. टाकी भरलेली आहे. इतकी, की वाटल्यास फुगे भरून नदीवरून तुमच्याकडे सोडतो. आमच्याकडे पेशंट आहेत, पण कुठे नाहीत? सगळं आटोक्यात आहे. वर्तमानपत्रं काय छापतात त्याकडे लक्ष देऊ नका.

कुप्यांचं म्हणाल, तर ते वरचे लोक जाणोत. माझ्या हातात असतं तर खिशात घालून आणल्या असत्या.

आईंना सांभाळा. तुम्ही पण बाहेर फिरू नका. ठकीने तुम्हाला सप्रेम नमस्कार सांगितला आहे.

तुमचा


२ एप्रिल

चिरंजीव बॉलपेनधारी जावईबापू,

आपल्या पत्राने या आठवड्यात राष्ट्रकार्य झाले, म्हणून अभिनंदन.

इकडचे पेपर रोज ओरडत होते : पलीकडे हाहाकार, लोक पूल ओलांडून आपल्याकडे घुसणार, पूल बंद करा! वरूनही तोच सूर. पूल एकदा बंद झाला की पत्रही बंद आणि टँकरही कायमचे बंद, हे मला दिसत होते. सोमवारी आमच्या सचिवबाईंनी मला खोलीत बोलावले. बाई एरवी मला 'पंडित' म्हणून हाक मारतात आणि मसुद्यातल्या मोठ्या शब्दांवर लाल रेघा ओढतात. मास्कवरून डोळे बारीक करून म्हणाल्या, "पंडित, तुमचे मेहुणे पलीकडे इस्पितळात आहेत ना? अधिकृत आकडे त्यांचे खोटे, आपले खोटे. घरचं पत्र काय म्हणतं ते सांगा."

मी म्हटले, "घरचं पत्र म्हणतं, सगळं आटोक्यात आहे. टाकी भरलेली आहे. फुगे भरणार आहेत."

"नक्की?"

"बाई, माणूस विनोद करतोय. बुडत्याला विनोद सुचत नाही."

बाईंनी तेवढेच टिपून घेतले आणि वर पाठवले : पलीकडे हाहाकार नाही, पूल बंद करण्याचे कारण नाही. आणि पूल उघडा राहिला! माझ्या आयुष्यात माझ्या एका तोंडी वाक्याचा इतका उपयोग झालेला नाही. आजवर सगळे लेखी होते, त्याचा काही झाला नाही.

एक बारीकशी गोष्ट तेवढी झाली. बाई म्हणाल्या, "मग त्यांना घाई नसेल, तर टँकर थोडे दिवस थांबवू. आपल्याकडचे वॉर्ड भरलेत." मला हरकत घेण्यासारखे काही दिसले नाही. तुमची टाकी मी रोज पाहतो. शरद ऋतूतल्या ढगासारखी शुभ्र उभी असते.

आता एक वैयक्तिक नोंद. ठकीचा 'सप्रेम नमस्कार' वाचून मी दोनदा पाकीट उलटे करून पाहिले, पत्र दुसऱ्या कोणाचे तर नाही ना. आजाराने माणसे नम्र होतात असे ऐकले होते. आजाराच्या नुसत्या भीतीनेही होत असावीत. समास पुन्हा रिकामाच. तुम्ही सुधारलात, पण ती हिरवा पेन सोडत नसणार, आणि फवाऱ्याने तिची ओळ पुन्हा धुऊन नेली. आईला पत्र वाचून दाखवले. तिने पत्र मागून घेतले आणि बराच वेळ हातात धरून बसली. म्हातारपण.

तिला सांगा, नमस्कार परत घे आणि पुढच्या पत्रात काहीतरी घालूनपाडून बोल. मला करमत नाही.

तुमचा,
राष्ट्रकार्यरत


११ एप्रिल

शास्त्रीबुवा,

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही माहीत नाही. पोचलं तर शेवटपर्यंत वाचा.

टाकी बाहेरून पांढरीच असते. भरलेली असो नाहीतर रिकामी. तिला तो रंग दिलेला आहे.

मी तुम्हाला खोटं लिहिलं. टाकीत किती आहे ते बाहेर कोणालाही सांगायचं नाही असा आमच्याकडे हुकूम आहे. आकडा फुटला तर तुम्ही घाबरून पूल बंद कराल, ही वरच्यांची भीती. म्हणून आम्ही 'बरं आहे' म्हणतो, आणि बरं आहे म्हटल्यावर तुम्ही टँकर थांबवता. आमच्या सरकारने मागणीचा कागद पाठवला होता. तुमच्याकडच्यांनी म्हणे शेरा मारला, मागणी फुगवलेली आहे, खात्रीची माहिती वेगळी आहे. ती खात्रीची माहिती कोणाची ते तुमचं पत्र आल्यावर मला कळलं. मी पत्र हातात घेऊन खोलीत खाली बसलो.

दुसरं कारण ठकी. तुमचं आईंच्या आजाराचं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. तिनेच मला शपथ घातली. म्हणाली, "आईचं बरं झाल्यावर कळवलं ना त्यांनी? मग माझंही बरं झाल्यावर. मी काय परकी आहे?" मला वाटलं चार दिवसांत उठेल. मग मी फुगे वगैरे लिहिलं. ती तेव्हा शेजारच्या खोलीत होती, लिहिण्याइतकी ताकद नव्हती तिला. 'नमस्कार' मी माझ्या मनाने घातला. मला वाटलं शोभून दिसेल.

ती आता आमच्याच इस्पितळात आहे. वरच्या मजल्यावर, सगळ्यात शेवटच्या वॉर्डात. ऑक्सिजनची नळी तिथे संपते. साठा उतरायला लागला की मी खालून दाब थोडा थोडा कमी करतो, म्हणजे पुढच्या गाडीपर्यंत पुरतं. दाब कमी केला की पहिला फरक शेवटच्या वॉर्डात पडतो. नळीच्या चावीवर हात माझा असतो.

काल नर्सबाई खाली आल्या. म्हणाल्या, "शेवटच्या वॉर्डाला थोडा वाढवा ना."

मी म्हटलं, "तिथे वाढवला तर मधल्यांना कमी पडेल."

"पण तुमच्या मिसेस आहेत ना तिथे?"

मी म्हटलं, "म्हणूनच."

शपथ मोडली आणि हुकूमही मोडला. आता तुम्ही काय ते करा. गाडी आली नाही तर अजून चार-पाच दिवस ओढीन. मग माझ्याकडे फिरवायला चावी राहील, आत काही राहणार नाही.


१३ एप्रिल

जावईबापू,

तुमचे पत्र दोन दिवसांत पोचले, आणि कोरडे पोचले. मधल्या वाचकाने त्यावर फवारा मारलेला नाही. एकही ओळ काळी केलेली नाही. फक्त तुमच्या 'म्हणूनच' या शब्दाखाली पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली आहे. मी या माणसाची इतके दिवस थट्टा करत होतो. महाशय, हे पुढचे पत्रही असेच जाऊ द्या.

मी पत्र वाचले तेव्हा आई समोर भाजी निवडत होती. मी मोठ्याने वाचले नाही. तिने मान वर न करता विचारले, "ठकीचं ना? इस्पितळात नेलंय का?"

"तुला काय माहीत?"

"गेल्या पत्रातच कळलं."

"गेल्या पत्रात तर सगळं बरं—"

"समास कोरा होता."

"आई, तो धुऊन गेला होता. फवाऱ्याने."

तिने दोन्ही पत्रे उशीखालून काढून माझ्यासमोर ठेवली. "हे बघ पहिलं. इथे धुतलंय. डाग आहे. हे दुसरं. इथे डाग कुठाय? शाई धुतली तरी डाग राहतो रे. इथे कोणी पेन टेकवलेलंच नाही. आणि नमस्कार! जन्मात तिने तुला नमस्कार केलाय?"

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"बरं झाल्यावर कळवतील म्हटलं. नियम ना." मग ती भाजी तशीच ठेवून उठली आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतले.

शब्दांवर पोट भरणारा मी, आणि मला कागद वाचता आला नाही. ते असो. ते नंतर.

बाईंकडे गेलो. तुमचे पत्र त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पंडित, आता मी वर काय सांगू? माणूस तोच, टाकी तीच. पंधरा दिवसांपूर्वी फुगे, आज शेवटचा श्वास. वरचे म्हणतील, पलीकडच्यांनी बहिणीचं नाव घालून तुमच्या पंडिताला पाझर फोडला. पहिलं पत्र खोटं होतं तर दुसरं खरं कशावरून?"

रास्त प्रश्न होता. करारात याचे उत्तर नाही. मी आईच्या उशीखालची दोन्ही पत्रे काढली आणि बाईंना समास दाखवला. सांगितले, की या जागी माझी बहीण मला शिव्या देते आणि इथे तिने दिलेली नाही. बोलताना मलाच वाटत होते, की राष्ट्राच्या सचिवाला मी हे काय सांगतो आहे.

बाईंनी त्या कोऱ्या पट्टीवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "माझा भाऊ मला फोनवर 'म्हातारे' म्हणतो. लहानपणापासून. रविवारी 'ताई' म्हणाला." त्यांनी रिसीव्हर उचलला, आधी भावाला लावला. कोणी घेतला नाही. मग ऑक्सिजनच्या कारखान्याला लावला.

"तीन टँकर निघतील," त्या म्हणाल्या. "पण मला कागद लागेल. तुम्ही मला दिलेली माहिती चुकली, आणि तुम्ही पलीकडच्यांचे सख्खे मेहुणे आहात, असं तुमच्या सहीने. उद्यापासून तुम्हाला या टेबलावर बसता येणार नाही, हे कळतंय ना?"

मी कागद तिथेच लिहून दिला. चार ओळी. बाईंनी एकही लाल रेघ ओढली नाही.

टँकर परवा सकाळी पुलावर येतील. तोवर चावी धरून बसा. ठकीला सांगा, आईला सगळे कळले आहे, तेव्हा आता शौर्याचे कारण उरलेले नाही.


१५ एप्रिल, दुपार

शास्त्रीबुवा,

अँब्युलन्सच्या ड्रायव्हरच्या हातून हे टपालखोलीत पाठवतोय.

तुमच्या तिन्ही गाड्या गच्चीवरून दिसतायत. सकाळपासून पुलाच्या मध्यावर, पांढऱ्या पट्ट्यापाशी उभ्या आहेत. इंच हलल्या नाहीत. पहिल्या गाडीचा तुमचा ड्रायव्हर खाली उतरलाय, आमचा वर चढत नाही. म्हणतो सीटवर तुमच्याकडचा माणूस बसून आलाय, आधी धुऊन द्या. तुमचा म्हणतो मी धुऊनच आणलीय. आमचा म्हणतो मी कसं मानू? दोघांचे साहेब आपापल्या बाजूला फोनवर.

मी सकाळी दाब अजून उतरवला. शेवटच्या वॉर्डाचा काटा बघायला वर गेलो. तिने डोळे उघडले. बोलली नाही.

तुम्ही त्या बाजूला आहात. जा.


१६ एप्रिल

जावईबापू,

गेलो. काय झाले ते तुम्ही गच्चीवरून पाहिले असेल, पण लांबून माणसे मुंग्यांसारखी दिसतात आणि मूर्खपणाही लहान दिसतो, म्हणून जवळून सांगतो.

पुलाच्या मध्यावर ड्रायव्हर बदलायचे, हे कलम माझे आहे. कोणत्याही राष्ट्राचा चालक दुसऱ्याच्या भूमीवर गाडी चालवणार नाही. मध्यरेषेवर एक उतरेल, दुसरा चढेल, 'परस्पर सन्मानार्थ'. त्या कलमाचा मला फार अभिमान होता. करारानंतर बरीच वर्षे दोन्हीकडचे ड्रायव्हर तिथे उतरून एकमेकांच्या पाठीवर थाप मारत, एका थर्मासमधला चहा पीत, मग जागा बदलत. माझ्या मते दोन देशांची मैत्री तेवढीच होती, बाकी कागद. काल तेच दोघे पट्ट्याच्या दोन बाजूंना लांब उभे होते. मधे टँकर फुसफुसत होता.

मी आमच्या ड्रायव्हरला म्हटले, "तूच घेऊन जा पुढे."

"साहेब, पट्टा आहे."

"पट्टा मी लिहिलाय. मी सांगतो, जा."

"तुम्ही कोण?"

हा प्रश्न कालच्या तारखेला अवघड होता. नोकरी नाही, टेबल नाही. म्हटले, "ती वस्तू पोचली नाही तर ज्यांची बहीण मरेल, त्यांच्यापैकी मी एक आहे."

तो मग पलीकडे उभ्या असलेल्या तुमच्या ड्रायव्हरकडे पाहून ओरडला, "ए, तुझं कोण आहे का आत?"

तुमचा ड्रायव्हर ओरडला, "सासरे!"

"मग मघापासून सीट काय धुवायला सांगतोस, मूर्खा!"

"तुझा गाववाला खोकत होता मागच्या वेळी! माझ्या घरात दोन पोरं आहेत!"

"मग तू नको चढूस. रस्ता दाखव. पुढे चाल."

"लेखी आहे का?"

दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिले. माझ्या खिशात कागद होता तो तुमच्या पत्राचा. त्याच्या मागे मी लिहिले, 'जाऊ द्या', आणि सही केली. सहीखाली हुद्दा लिहायची सवय. लिहिला 'ठकीचा भाऊ'. आमच्या ड्रायव्हरने तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि गाडी पट्ट्यावरून पुढे नेली. आमच्या बाजूचा साहेब "थांब, थांब, पलीकडे परदेश आहे!" म्हणून ओरडला. तुमच्या बाजूच्या शिपायाने हात आडवा धरला, आणि टँकर अगदी जवळ आल्यावर तोच हात हळूच खाली घेतला. तुमचा ड्रायव्हर टँकरच्या पुढे पळत होता, लग्नाच्या वरातीपुढे पळावे तसा. त्यामागून उरलेल्या दोन, अशा तिन्ही गाड्या गेल्या.

मी पट्ट्यापाशी उभा राहिलो. तो मला ओलांडता येत नाही.

ऑफिसमधून निरोप आला आहे : चौकशी होईपर्यंत घरी बसा. बाईंनी त्याखाली हाताने लिहिले आहे, 'भावाने फोन उचलला.' तुमच्या सरकारने काल संध्याकाळी कुप्यांचा एक ट्रक सोडला म्हणतात. पेपरवाले त्याला मैत्रीची पहाट वगैरे म्हणतील. मला तसे वाटत नाही. दोन्हीकडचे अजून आकडे लपवतात आणि दोन्हीकडे अजून समजतात, की लपवले तरच समोरचा बरा वागेल. आपले घर त्याहून वेगळे नव्हते.

आईने नियम मोडीत काढला आहे. आज सकाळी, चहा गाळताना. म्हणाली, "त्याला लिही, बरं नसलं तरी कळवायचं. बरं नसलं तर आधी कळवायचं. बाबा काही देव नव्हते."

तेव्हा लिहितो. घरी बसून खिडकीतून ती पांढरी टाकी दिसत नाही, आणि दिसली तरी तिच्याकडे पाहून काही कळत नाही, हे मी आता शिकलो आहे. उद्या-परवा तुमचे पत्र येईल. त्यात 'सर्व ठीक आहे' असे असेल, तर मी ते कसे वाचू? ते खरे असेल आणि मला खरे वाटणार नाही. किंवा खोटे असेल आणि मी पुन्हा विश्वास ठेवीन. म्हणून एक मागणी आहे. तुम्ही काही लिहू नका. तिला पेन धरता येत असेल तर कागदाच्या कडेला तिच्या हातची एक ओळ पाठवा. काहीही म्हणू दे मला. वाचता आली नाही तरी चालेल, नुसती वेडीवाकडी रेघ चालेल. कोणत्याही शाईत चालेल. हिरवी असली तर डाग तरी राहील.

आणि तिला पेन धरता येत नसेल, तर तेही लिहा. गोड करून लिहू नका.

मला भीती वाटते, जावईबापू. गाड्या वेळेवर पोचल्या की नाही ते मला माहीत नाही, आणि त्या उशिरा पोचल्या असतील तर त्या कोणामुळे थांबल्या होत्या ते मला माहीत आहे. इतके दिवस मी हसत होतो ते यासाठी, की हे वाक्य लिहावे लागू नये.